शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी

'ते फ्री जॅझ वगैरे म्हणजे निव्वळ गोंगाट' हे मत आजवर ज्यांनी उसनं वापरलं आणि आता जे ते स्वकष्टाने मिळवू इच्छितात, अशा नवशिक्यांसाठी या सूचना आहेत. मत बदलेल याची हमी नाही. पुढच्या वेळी नाक मुरडताना ते नेमकं कशाला मुरडतोय हे मात्र सांगता येईल, आणि चारचौघांत तेवढंही पुष्कळ असतं.

सुरुवात कुठून करावी यावर जाणकारांचं एकमत नाही. कुणी ऑर्नेट कोलमनचं 'फ्री जॅझ' हातात देईल, कुणी जॉन कोल्ट्रेनचं 'असेन्शन'. दोन्ही तूर्त बाजूला ठेवावीत. पहिल्यात दोन ड्रमवाले आणि दोन बासवाले आहेत, दुसऱ्यात एकूण अकरा जण. एवढ्या गर्दीत नवशिक्याचा हात सुटला की तो सापडत नाही. शिवाय अंगावर येणारी ही दोन्ही संगीतं प्रत्यक्षात स्टुडिओत, बंद दाराआड ध्वनिमुद्रित झालेली आहेत. पहिलं 1960 मध्ये, दुसरं 1965 मध्ये. 'असेन्शन'ची तर आणखी एक गंमत आहे. त्या दिवशी ते दोनदा वाजवलं गेलं. बाजारात आधी एक वादन आलं, आणि पुढच्या छपाईत कव्हर तेच ठेवून आत दुसरं घालण्यात आलं. आपण कुठलं ऐकतोय हे कळायला तबकडीच्या मधल्या कोऱ्या भागावर कोरलेली अक्षरं शोधावी लागत. ज्या संगीतात असा बदल झालेला गिऱ्हाइकाच्या सहजी लक्षात येणार नाही असं कंपनीला वाटतं, ते पहिल्याच संध्याकाळी लावू नये.

नवशिक्याला याहून उघडंवाघडं काहीतरी हवं. नुसती सुषिर वाद्यं, समोर खरे श्रोते, आणि चुकलं तर सावरून घ्यायला ना तबलजी ना पेटीवाला. या वर्णनाला चपखल बसणारी एक चौकडी होती: वर्ल्ड सॅक्सोफोन क्वार्टेट. या सूचना मुख्यतः तिच्याबद्दलच्या आहेत.

साहित्य

एक ध्वनिमुद्रण: 'लाइव्ह इन झ्युरिक', 1981 सालची मैफल, काढणारी कंपनी मिलानची ब्लॅक सेंट. अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं इतकं संगीत इटालियन, जर्मन आणि स्विस कंपन्यांनी का काढलं, असा प्रश्न पडला तर पडू द्यावा. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या कंपन्यांना ते खपेल असं वाटत नव्हतं, एवढं उत्तर सध्या पुरे.

हेडफोन किंवा बऱ्यापैकी मोठे स्पीकर. मोबाइलचा स्पीकर चालणार नाही, आणि ही सूचना हौशी माणसाचा नखरा समजू नये. या चौकडीतला बॅरिटोन सॅक्सोफोन 65-70 हर्ट्झपर्यंत खाली उतरतो आणि मोबाइलचा इवलासा स्पीकर तिथवर पोचतच नाही. म्हणजे ज्याच्या खांद्यावर सगळा डोलारा उभा आहे तोच माणूस ऐकू येणार नाही, आणि वर तिघं जण विनाकारण भांडताहेत असं वाटेल. या संगीताबद्दलचे निम्मे गैरसमज अशा स्पीकरांनी पसरवले असावेत, असा माझा संशय आहे.

वेळ संध्याकाळची, पण कुकर लावायच्या आधीची. सोप्रानो सॅक्सोफोन आणि शिट्टी एकाच वेळी सुरू झाली तर डाळ करपते.

जाणकार मित्र सोबत नसावा. तो प्रत्येक तुकड्याला 'हे ऐकलंस का' म्हणत कोपर मारतो आणि नेमकं ते ऐकायचं राहून जातं. शेजाऱ्यांना मात्र आधी कल्पना द्यावी. कशाची, हे सांगत बसू नये. 'थोडा वेळ आवाज येईल' एवढं म्हणावं. त्यांना ड्रिलिंगचं काम वाटलं तर वाटू द्यावं.

वाद्यांची तोंडओळख

सॅक्सोफोन अडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिराने काढला. पॅरिसमध्ये त्याला 1846 साली पेटंट मिळालं. अंग पितळेचं, पण फुंकताना कंप पावते ती वेताची पट्टी, म्हणून पाश्चात्त्य वर्गीकरणात तो लाकडी वाद्यांत मोडतो. सिंफनी ऑर्केस्ट्राने त्याला ओसरीवरच ठेवलं, लष्करी बँडने घरात घेतलं, आणि जॅझने घरच त्याच्या नावावर करून दिलं.

अभिजात परंपरेतल्या सॅक्सोफोन चौकडीत सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बॅरिटोन असे चार आवाज वरून खाली शिस्तीत उभे असतात. या मंडळींची मांडणी वेगळी. ज्युलियस हेम्फिल आणि ऑलिव्हर लेक हे दोघे मुख्यतः आल्टोवर, डेव्हिड मरे टेनरवर, हॅमिएट ब्लूएट बॅरिटोनवर. डान्स बँडमधला सॅक्सोफोनचा ताफा उचलून आणावा आणि पियानो, बास, ड्रम मागे हॉटेलातच ठेवावेत, तसा हा संच. त्यातून ही माणसं हातातली वाद्यंही बदलत राहतात. आल्टोवाले मध्येच सोप्रानो किंवा बासरी घेतात, मरे बास क्लॅरिनेट काढतो, ब्लूएट आल्टो क्लॅरिनेट. नवशिक्याने कोण काय वाजवतंय याची वही करू नये. बॅरिटोन कुठे आहे एवढं कळलं की पुरे. या सूचनांतलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर ते हे.

चौकडीची पूर्वपीठिका

परीक्षेला नाही, तरी वाचावी. हेम्फिल, लेक आणि ब्लूएट हे तिघेही सेंट लुइसच्या ब्लॅक आर्टिस्ट्स ग्रूपमधले. 1968 ते 1972 अशी चारेक वर्षं चाललेली ही संस्था होती. संगीतकार, नट, नर्तक, कवी, चित्रकार सगळे एका छपराखाली. ती विस्कटली आणि मंडळी हळूहळू न्यूयॉर्कला जमली. 1974 मध्ये अँथनी ब्रॅक्स्टनने आपल्या 'न्यूयॉर्क, फॉल 1974' या रेकॉर्डवर एका तुकड्यासाठी या तिघांना बोलावलं आणि चौथा स्वतः उभा राहिला. चार सॅक्सोफोन, बाकी काही नाही. म्हणजे चौकडीचा साचा तिथेच ओतला गेला होता. फक्त ब्रॅक्स्टनच्या जागी पुढे कॅलिफोर्नियातून आलेला, बाकीच्यांहून बराच लहान असलेला डेव्हिड मरे आला.

1976 मध्ये न्यू ऑर्लिन्सला किड जॉर्डन या सॅक्सोफोनवादक शिक्षकाने या चौघांना आपल्या विद्यापीठात बोलावलं. तिथे त्यांची जोडी, खरं तर दोन जोड्या, जमली. पहिलं नाव त्यांनी घेतलं 'रिअल न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट'. अडचण अशी की न्यूयॉर्क सॅक्सोफोन क्वार्टेट नावाची एक संस्था आधीपासून अस्तित्वात होती आणि 'रिअल' या शब्दाचा रोख कुणाकडे आहे हे तिला बरोबर कळलं. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी समोरच्याच दुकानदाराने लावावी, तसा प्रकार. आक्षेप आला. तेव्हा चौघांनी न्यूयॉर्कचा दावा सोडून दिला आणि थेट जगाचा केला.

कृती

हेडफोन लावावेत. डोळे मिटू नयेत. डोळे मिटले की आपण ख्याल ऐकायला बसलो आहोत असं मनाला वाटतं, ते आलापीची वाट पाहू लागतं, आणि इथे आलापी येत नाही.

या चौकडीची एक रीत होती. मैफलीत 'हॅटी वॉल' ही ब्लूएटची रचना वाजवत यायचं आणि ती वाजवतच जायचं. नवशिक्यासाठी याहून सोयीची गोष्ट नाही. बॅरिटोनचा एक जाडजूड, ठसकेबाज तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. मांडीवर हात आपोआप पडतो. पडू द्यावा. मात्रा मोजून समेची जागा निश्चित करायचा मोह होईल, आणि इथे ती मिळेलही. पण या यशाने हुरळून जाऊ नये, कारण पुढच्या काही मिनिटांत ती जागा काढून घेतली जाणार आहे.

आता मुख्य पायरी. बाकीच्या तिघांना सोडून द्यावं आणि ब्लूएटला धरावं. तबला नसलेल्या मैफलीत ठेका कोण धरतं? इथे उत्तर उघड आहे: फुंकणारा माणूस. ब्लूएट एकाच नळीतून बासची चाल काढतो आणि ड्रमचा आघातही. दुसऱ्यासाठी तो वेताची पट्टी जिभेने खेचून सोडतो. सूर जेमतेम लागतो, पण 'थप्' असा आवाज येतो. हेडफोनवर तो अगदी गालाशी येतो. त्यातून उरलेल्या वेळात त्याला श्वासही घ्यायचा असतो. तो कधी घेतो, हे शोधणं हा नवशिक्याचा पहिला गृहपाठ समजावा. बासवादक तार छेडत असताना श्वास घेऊ शकतो. ब्लूएटने श्वास घेतला की जमीन क्षणभर नाहीशी होते, आणि वरच्या तिघांना त्या क्षणी आपापल्या पायांवर उभं राहावं लागतं. चार माणसांच्या या संगीतातले बरेचसे निर्णय अशा अर्ध्या सेकंदात होतात. कुणी आवाज वाढवतं, कुणी थांबतं, आणि कुणी तोच तुकडा ब्लूएटच्या वतीने वरच्या सप्तकात उचलून धरतं.

हे एकदा ऐकू आलं की गोंगाटाची फोड करता येते. वर दोन आल्टो एकमेकांवर चढताहेत, टेनर मध्येच ओरडतोय, काही कळत नाही, अशी स्थिती आली तर कान खाली उतरवावा. तिथे चाल चालू असेल तर वरच्यांना मोकळीक आहे आणि चिंतेचं कारण नाही. खालीही काही नसेल, बॅरिटोनवाला स्वतःच वर जाऊन बासरीच्या हद्दीत किंचाळत असेल (तो जातो, आणि हे त्याचं खास काम होतं), तर मात्र आता कुणीही जमीन सांभाळत नाही आणि चौघांनीही ते ठरवून केलेलं आहे असं समजावं. अशा वेळी पाणी प्यावं. थोड्या वेळाने कुणीतरी एक खाली येतो. कोण येतो आणि काय घेऊन येतो, ते ऐकण्यासाठीच हे रेकॉर्ड पुन्हा लावलं जातं.

आवाजांचे प्रकार

सॅक्सोफोन किंचाळतो तेव्हा वादकाचा ताबा सुटला, ही नवशिक्याची सर्वांत लाडकी समजूत. बहुतेक वेळा उलट असतं. बोटं त्याच जागी ठेवून, ओठांची पकड आणि घशाची पोकळी बदलून मूळ स्वराच्या वरचे उपस्वर काढायचे, हा मेहनतीचा भाग आहे. पट्टी ओली, कोरडी, जुनी, नवी असेल त्याप्रमाणे तो रोज नव्याने जमवावा लागतो. दुसरा प्रकार: एका नळीतून एकाच वेळी दोन-तीन स्वर. नेहमीच्या बोटांऐवजी आडव्यातिडव्या कळा दाबल्या की नळीतली हवा एकाच लांबीवर स्थिर होत नाही आणि आवाज फाटतो. फाटलेला आवाज हवा तिथेच फाडता येणं ही विद्या आहे. शर्टाच्या बाबतीत ती सगळ्यांनाच जमते, पण त्याला कुणी टाळ्या देत नाही.

तिसरा प्रकार आपल्याकडच्या सनईवाल्यांना सांगायला नको: गालांत हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास आत घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. सनईत हे सूर अखंड ठेवण्यासाठी करतात. या संगीतात मात्र पुष्कळदा ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा म्हणून करतात. वाक्य संपेल, वादक थांबेल, मग आपणही श्वास घेऊ, अशी वाट बघत आपण नकळत थांबलेलो असतो आणि तो थांबतच नाही. चक्कर आल्यास हेडफोन काढावेत.

याखेरीज संथ तुकड्यांत काही बारीक आवाज सापडतील. कळांवरच्या चामडी गाद्या नळीच्या भोकांवर बसतात तेव्हाची टपटप. वाद्यात साचलेल्या ओलाव्याचा बुडबुडा. चौघांनी एकत्र सुरुवात करायच्या आधी एकदम आत ओढलेली हवा. ही हवा ऐकू आली म्हणजे तुकडा लिहिलेला आहे असं खुशाल समजावं, कारण उत्स्फूर्तपणे चार माणसं एकाच क्षणी श्वास घेत नाहीत. हेम्फिल बारकाईने लिहिणारा संगीतकार होता आणि चौकडीच्या स्वरलेखनाचा मोठा भार त्याच्यावर होता. 'हे सगळं मनाला येईल तसं वाजवतात' असं कुणी म्हणालं तर त्याला हा श्वास ऐकवावा. 'सगळं लिहिलेलं आहे' असं कुणी म्हणालं तर त्याला त्यानंतरची तीन मिनिटं ऐकवावीत.

श्रोत्यांचं काय करावं

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या असतात. त्या वगळून ऐकू नयेत. कुठल्या तुकड्यानंतर टाळ्या पटकन आल्या, कुठे आधी दोन क्षण शांतता झाली आणि मग एकटा कुणीतरी धीर करून सुरू झाला, याकडे लक्ष द्यावं. तो एकटा माणूस आपला मित्र आहे. तुकडा संपला की नाही, याबद्दल त्यालाही आपल्याइतकीच शंका होती.

दाद देण्याच्या आपल्या सवयी इथे थोड्या आवराव्यात. समेवर मान हलवून 'वा' म्हणणाऱ्याची पंचाईत होते, कारण सम आली असं समजून मान हलवली की ती आलेलीच नसते. घरात एकटं असताना हे चालतं. बायको किंवा नवरा दारात उभा असेल तर मान स्थिर ठेवावी.

मध्यम पातळी

झ्युरिक पचलं की मागे जावं, मोर्सला. जर्मनीतल्या या शहरात 1972 पासून नव्या जॅझचा उत्सव भरतो. 1977 मध्ये तिथे केलेलं वादन हेच या चौकडीचं पहिलं रेकॉर्ड, 'पॉइंट ऑफ नो रिटर्न'. पहिलं म्हणून ते पहिल्यांदा ऐकावं असं वाटेल. ऐकू नये. तिथे चौकडी नवी आहे, प्रत्येकाला आपल्याला काय काय येतं ते सगळं त्याच रात्री सांगायचं आहे, आणि लिहिलेल्या भागांचा आधार झ्युरिकपेक्षा कमी वाटतो. नवशिक्याला इथे पहिल्याच सत्रात बॅरिटोन सापडला तर तो नवशिक्या राहिला नाही. 1985 ची ब्रुकलिनची मैफलही मिळते. ती सर्वांत घोटीव, आणि माझ्या मते म्हणूनच तिसऱ्या क्रमांकाची. जाता जाता: हे ब्रुकलिन न्यूयॉर्कचं. ब्लूएट जन्मला ते ब्रुकलिन वेगळं, इलिनॉय राज्यात सेंट लुइससमोर नदीपलीकडे असलेलं छोटंसं गाव. या दोहोंत घोळ घालून जाणकारांसमोर बोलू नये. ते वाटच बघत असतात.

सॅक्सोफोनचा कंटाळा आला असेल (येतो, तो मान्य करावा) तर क्लॅरिनेट समिट. चार क्लॅरिनेट, न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरमधली मैफल. त्यात ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये पंचवीस वर्षं काढलेला जिमी हॅमिल्टन आहे. न्यू ऑर्लिन्सचा अल्विन बॅटिस्ट आहे, मरे आहे, आणि फोर्ट वर्थचा जॉन कार्टर, ज्याच्याकडे हेम्फिल क्लॅरिनेट शिकला होता. जुनी गोडी आणि नवी खोडी एकाच रांगेत. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं नाव इंडिया नेव्हिगेशन. नावावर जाऊन मुंबई गोदीत चौकशी करू नये, ही न्यूयॉर्कची जॅझ कंपनी होती.

पश्चिम किनाऱ्यावरची रोव्हा सॅक्सोफोन क्वार्टेट 1977 चीच. नाव चार आडनावांच्या आद्याक्षरांवरून: रॅस्किन, ऑक्स, व्हॉइट, ॲक्ली. यांचं वळण वेगळं. ब्लूजचा चिखल कमी, समकालीन युरोपीय संगीताची स्वच्छ फरशी जास्त. वादनात ते एकमेकांना हातांनी खुणा करून दिशा बदलतात. ध्वनिमुद्रणात त्या दिसत नाहीत, पण चौघेही एकाच क्षणी वळले की खूण झाली असं समजता येतं. 1983 मध्ये, शीतयुद्ध ऐन भरात असताना, ही चौकडी सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर गेली. त्या दौऱ्यातलं ध्वनिमुद्रण 'सॅक्सोफोन डिप्लोमसी' या नावाने एका स्विस कंपनीने काढलं. राजनैतिक शिष्टाचार त्यात फारसा सापडणार नाही.

आपल्याकडचा संबंध विचारणाऱ्यांसाठी: मुंबईत 1978 साली रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरली आणि तिथे सॉनी रॉलिन्स वाजवून गेला. त्याच्या दहाएक वर्षं आधी तो पवईच्या आश्रमात राहून गेला होता. पण रॉलिन्स हा वेगळ्या सूचनापुस्तिकेचा विषय आहे. त्याला ऐकायला सूचना लागत नाहीत, हा त्या पुस्तिकेचा मुख्य दोष ठरेल.

वरची पातळी

इथे पोचलेल्यांनीच पुढे वाचावं. रॉस्को मिचेल, 'नोना'. शिकागोच्या नेसा कंपनीचा 1977 चा दोन तबकड्यांचा संच. त्याची पहिली बाजू 1976 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ या गावी घेतलेली आहे, आणि तिथे वाजवायचं होतं अँथनी ब्रॅक्स्टनला. तो येऊ शकला नाही, त्याच्या जागी मिचेल एकटाच आल्टो घेऊन उभा राहिला. श्रोते ब्रॅक्स्टनसाठी जमलेले. आपल्याकडे अशा वेळी संयोजक माइकवर येऊन दिलगिरी व्यक्त करतात आणि बदली गायक लोकप्रिय अभंग घेतो. मिचेलने एक तुटक, कोनेरी, वरखाली उड्या मारणारा तुकडा वाजवला. लोकांनी आवाज केले. त्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा आवाज झाले. पुन्हा तोच तुकडा. त्याच जोराने, काहीही न बदलता, पुढे जायचं नाव नाही.

हेडफोनवर हे ऐकताना नवशिक्याच्या मनात क्रमाने पुढील गोष्टी येतात: रेकॉर्ड अडकलं; रेकॉर्ड अडकलेलं नाही; हा माणूस चिडला आहे; हा माणूस चिडलेला नाही, तो वाट बघतो आहे. मागे सभागृह ऐकत राहावं. आधी ओरडा आहे, चेष्टा आहे, मग चेष्टेतच कुणीतरी साथ द्यायला लागतं, आणि मिनिटं जात जातात तशी त्या आवाजाची जात बदलते. तो तुकडा आता त्यांचाही झालेला असतो. मग कुठेतरी मिचेल त्यातून बाहेर पडतो, सूर सैल सोडतो, आणि वीसेक मिनिटांनी जे लोक त्याला घालवायला निघाले होते तेच टाळ्यांनी त्याला सोडत नाहीत. एकाच माणसाचं वादन, पण माझ्या मते सुषिर वाद्यांच्या समूहवादनाचा हा उत्तम नमुना आहे. फक्त समूह खुर्च्यांवर बसला होता.

त्याच संचात हीच रचना चार आल्टो सॅक्सोफोनवर आहे. मिचेलसोबत जोसेफ जार्मन, वॉलेस मॅकमिलन, हेन्री थ्रेडगिल. तिथे बॅरिटोन नाही, ठेका नाही, खाली जमीनच नाही. चारही जण एकाच उंचीवर. ब्लूएटला धरून इथवर आलेल्या विद्यार्थ्याचा हात या ठिकाणी सोडवला जातो. तक्रार करू नये.

नेहमीच्या तक्रारी

'डोकं दुखतं.' आवाज कमी करावा. या संगीताला मोठा आवाज लागतो हा गैरसमज आहे; लागतो तो खालचा आवाज. बास थोडा वाढवावा, बाकी उतरवावं.

'सगळे तुकडे सारखेच वाटतात.' एका बैठकीत एकच बाजू ऐकावी. वीस मिनिटांनंतर कान नुसते हजेरी लावतात.

'ड्रम असते तर बरं झालं असतं.' हेम्फिल बाहेर पडल्यावर चौकडीनेही असंच ठरवलं, आणि 1990 च्या 'मेटामॉर्फोसिस'मध्ये आफ्रिकन ढोलवादक सोबत घेतले. ऐकून पाहावं. ढोल छान आहेत, पण ढोल आले की बॅरिटोनवाल्याला निवांत श्वास घेता येतो, आणि मला तो निवांत झालेला आवडत नाही. हेम्फिलने दुसरी दिशा धरली. चाराचे सहा सॅक्सोफोन केले, ड्रम नाहीच. 1991 मध्ये त्याचं 'फॅट मॅन अँड द हार्ड ब्लूज' आलं. 1995 मध्ये तो गेला.

'पाहुणे आले आहेत, काय लावू?' 1986 चं 'प्लेज ड्यूक एलिंग्टन'. हीच चौकडी, ओळखीच्या चाली, स्टुडिओतला स्वच्छ आवाज. पाहुणे म्हणतील, अरे, हे तर छान आहे, तुम्ही तर म्हणत होता की. त्यांना दुजोरा द्यावा, चहा द्यावा, आणि लिफ्टचं दार लागलं की मोर्स लावावं.